अकरा वाजताचा हुंकार

या, जरा पुढे सरका. दाराशी बसलेल्यांनीसुद्धा. मध्ये रिकामी जागा ठेवू नका. आज तरी नको.

एक गोष्ट सांगते. ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हूं' म्हणायचं असतं, हे आम्हा कीर्तनाला जाणाऱ्यांना लहानपणीच शिकवतात. हुंकार आला की सांगणाऱ्याला कळतं, समोर कोणी आहे. नाही आला तर बुवासुद्धा थांबतात, चिपळ्या खाली ठेवतात आणि बघतात, मंडळी झोपली का काय?

ही गोष्ट हुंकाराचीच आहे. आणि खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ती माणसं आजही आहेत.

एक सोडून.

बारा ऑक्टोबर, दोन हजार तेवीस. वार गुरुवार. डोंबिवली पूर्वेला टिळकनगरात, तीन मजली इमारतीचा दुसरा मजला. वेळ सकाळी सव्वा अकराची.

हो, सकाळची. रात्र नव्हती, अमावास्याही दोन दिवस पुढे होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. म्हणूनच अजून मनातून जात नाही.

उत्तरा गानू ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आई गेली आणि दोन खोल्यांच्या घरात उत्तरा एकटी उरली.

काम घरूनच. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. म्हणजे काय, तर अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो आणि काय आढळलं ते तोंडाने रेकॉर्ड करून ठेवतो. तो तिकडे झोपला की इकडे आपली सकाळ होते. उत्तरा हेडफोनमध्ये ते ऐकायची आणि टाइप करायची. पायाखाली एक पेडल, शिलाई मशीनला असतं तसं, पण छोटं. दाबलं की आवाज सुरू. सोडलं की बंद. डावीकडे दाबलं की आवाज थोडा मागे जातो.

एखादा शब्द ऐकू आला नाही तर अंदाजाने लिहायचं नाही. जागा मोकळी सोडायची. त्याला ब्लँक म्हणतात. अंदाज चुकला तर साता समुद्रापलीकडे कुणाच्या तरी तोंडात भलतंच औषध जायचं.

आणि रिपोर्टच्या अगदी तळाशी, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. उत्तराची 'यू जी'.

अठरा वर्षं हे काम केलेली मुलगी. पण जुलैत तिच्या जुन्या कंपनीने हा विभागच बंद केला आणि नवी नोकरी शोधायची वेळ आली. एकाने टेस्ट म्हणून चांगल्या वीस फाइल फुकट टाइप करून घेतल्या आणि गायब झाला. दुसऱ्याने इंटरव्ह्यूतच विचारलं, "मॅडम, संडेला पण बसाल ना?" शेवटी दोनच राहिले.

पहिले हरिहरकाका.

माजिवड्याला एका औषधाच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. सत्तरी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याकडे दहा-बारा बायका आपापल्या घरून काम करायच्या. टेस्ट बघून ते खूश झाले. मग म्हणाले,

"आमच्याकडे नियम एकच. रोज सकाळी अकराला मी फोन करतो. उचलायचा."

"काम किती झालं ते सांगायला?"

"काम मला कॉम्प्युटरवर दिसतं. तू आहेस का, एवढंच."

"म्हणजे हजेरी?"

"तसं म्हण. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसतं हूं म्हण आणि ठेव."

"काका, मी सेहेचाळीस वर्षांची आहे."

"मग हूं म्हणता येतच असेल की!"

उत्तराला हसू आलं नाही. विचार करून कळवते, म्हणून उठली. तर काका जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत विचार कर. तोवर अकराला मी एक फोन करत जाईन. नको असेल तर कट कर. फारच त्रास झाला तर ब्लॉक कर, मी समजेन."

त्या संध्याकाळी तिचा मला फोन.

"मावशी, तुझ्या जातीचा माणूस भेटला. नोकरी देतो, पण हुंकार मागतो. उद्या म्हणेल येताना पेटी घेऊन ये."

"मग जा की त्याच्याकडे. भला दिसतोय."

"नको गं. आई गेल्यापासून सगळे तेच. जेवलीस का, झोपलीस का, एकटं वाटतं का. मला ना, आता कोणी काही विचारूच नये असं वाटतं."

मी गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

दुसरी होती ठाण्यातली मोठी कंपनी. नाव घेत नाही. तिथली करिश्मा नावाची मुलगी फोनवर भराभरा बोलली. "मॅम, आमच्याकडे नो कॉल्स, नो मीटिंग्ज. फाइल टाइमवर आली ना, बस. तुम्हाला कोणीच डिस्टर्ब नाही करणार."

उत्तराला हेच हवं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा लॅपटॉप आला, नवं पेडल आलं, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं काम तिच्याकडे दिलं गेलं. करिश्माने आधीचे काही रिपोर्ट नमुन्याला पाठवले. "हे फॉलो करा, मॅम. एस के मॅमचे आहेत. एकदम परफेक्ट. एक ब्लँक नाही सापडणार."

"त्या आता कुठे असतात?"

"सोडून गेल्या मॅम."

उत्तराने एवढंच ऐकलं. कामाला लागली.

पहिले तीन-चार दिवस काही नाही.

डॉक्टर सावकाश बोलायचे. एक वाक्य, मग थोडं थांबणं. पुन्हा एक वाक्य. आवाज थकलेला, पण समजूतदार. उत्तराला तो आवडायला लागला होता. दिवसभरात दुसरा आवाज तिच्या कानावर पडतच नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी, डॉक्टरांचं वाक्य संपलं. ते थांबले.

आणि त्या थांबण्यात...

"हूं."

बाईचा आवाज. हळू. गोष्ट ऐकताना म्हणतात तसा.

नर्स असेल, उत्तराला वाटलं. तिने पेडल डावीकडे दाबून पुन्हा ऐकलं. या वेळी नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी चालवत बोलत होते. एकटेच. वळताना इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. वाक्य संपलं...

"हूं."

उत्तराने हेडफोन काढला. घर शांत. इमारतीत त्या वेळी कोणी नसायचंच. सगळे कामावर, पोरं शाळेत. खाली तळमजल्यावर तेवढ्या विमलाबाई, त्याही दुपारी टीव्हीसमोर पेंगणाऱ्या.

तिने हेडफोन पुन्हा घातला.

मग ब्लँकचं सुरू झालं.

एका औषधाचं नाव काही केल्या लागेना. डॉक्टर तिथेच खोकले होते. तिने जागा मोकळी सोडली आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेली. दोन मिनिटांत परत आली, तर...

ब्लँक भरलेला होता.

तिने ते औषध शोधून पाहिलं. त्या आजाराला तेच देतात. स्पेलिंगसकट बरोबर.

'मीच भरलं असेन आणि विसरले असेन.' सहा महिन्यांपूर्वी आई गेलेल्या बाईला विसरायला कितीसा वेळ लागतो? तिने स्वतःला समजावलं. पण त्या आठवड्यात आणखी तीन भरले. प्रत्येक वेळी ती खुर्चीवरून उठलेली असताना.

आणि पेडल.

प्रत्येकाची ऐकायची एक सवय असते. उत्तरा अवघड वाक्य एकदाच मागे नेऊन ऐकायची. एका दुपारी ती पाय वर घेऊन, मांडी घालून बसली होती. पाय पेडलपासून हातभर लांब, तरी आवाज सुरू झाला. हेडफोनमध्ये डॉक्टरांचं वाक्य संपलं...

आणि आपोआप मागे गेलं.

पुन्हा तेच वाक्य.

पुन्हा मागे.

पुन्हा तेच.

तीन वेळा. मग पुढे सरकलं. जसं कोणी तीनदा ऐकून खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जात नाही तसं.

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. पेडल दबलेलं होतं. वर काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाही? मला का सांगितलं नाही? मी नंतर विचारलं तिला. ती खाली बघून म्हणाली, "मावशी, भीती वाटली गं. पण कोणीतरी आहे, असंही वाटलं."

एवढी एकटी होती माझी पोर.

रोज अकराला तिचा मोबाइल वाजायचा. हरिहरकाका. ती बघायची, वैतागायची, कट करायची. एकदा तिने ब्लॉक करायला बोट नेलंही होतं. का कोण जाणे, केलं नाही. कट मात्र रोज. न चुकता.

नऊ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी तिला ताप भरला. अंग फुटत होतं, डोळे उघडवत नव्हते. लॅपटॉप सुरू केला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि 'पाच मिनिटं पडते' म्हणून आतल्या खोलीत गेली.

ती उठलीच नाही.

मोबाइल बाहेर, टेबलावर, चार्जरला लावलेला. आवाज बंद केलेला.

किती वेळ गेला तिला कळत नव्हतं. कधी ऊन भिंतीवर असायचं, कधी नसायचं. घसा कोरडा पडला होता. हाक मारायची तर आवाज फुटत नव्हता. आणि कोणाला मारणार?

मग तिला ऐकू आलं...

टक. टक टक. टक टक टक.

बाहेरच्या खोलीत कोणीतरी टाइप करत होतं.

सराईत हात. मध्येच थांबायचा. बारीक आवाजात डॉक्टरांचं वाक्य यायचं. तेच पुन्हा. तेच तिसऱ्यांदा.

मग, "हूं."

आणि पुन्हा टक टक.

उत्तराने सगळा जीव एकवटून विचारलं, "कोण आहे?"

टाइपिंग थांबलं.

खुर्ची सरकली.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. चौकटीत कोणी नव्हतं. फक्त बाहेरून येणारा उजेड... मधोमध थोडा कमी झाला होता. एक माणूस उभं राहिलं तर जेवढा होईल तेवढाच.

थोड्या वेळाने तो पुन्हा पूर्ववत झाला. खुर्ची सरकली. टक टक सुरू झालं.

आणि उत्तराच्या मनात काय आलं, माहितेय? हे सांगताना ती माझ्याजवळ रडली. तिच्या मनात आलं, 'बरं झालं. काम होतंय.'

तिने डोळे मिटले.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवार गेला.

अकराचा तेवढा सोडला तर तिला कोणाचा फोन नाही. कंपनीचा नाही. फाइल वेळेवर जात होत्या, मग कोण कशाला विचारेल? माझाही नाही. इथे कल्याणला आमच्या देवळात कीर्तन सप्ताह चालू होता, मी पहिल्या रांगेत बसून डोलत होते. मला वाटलं, कामात असेल ती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता हरिहरकाका तिच्या अर्जावरचा पत्ता घेऊन माजिवड्याहून निघाले. बायकोने विचारलं, "अहो, ती आपल्याकडे कामाला तरी आहे का?" म्हणाले, "नाही. येतो जाऊन." शीळफाट्याला तासभर गाड्या अडकल्या होत्या. टिळकनगरला पोहोचून, दुसरा मजला चढून उत्तराच्या दारासमोर उभे राहिले तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती.

बेल वाजवली. कोणी आलं नाही.

त्यांनी दाराला कान लावला. आतून...

टक टक. टक टक टक.

काकांचा जीव भांड्यात पडला. मुलगी काम करतेय, कानात हेडफोन असेल, बेल ऐकू आली नसेल. आपण म्हातारे उगाच घाबरलो. ते परत फिरले. पाच पायऱ्या उतरलेही.

तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले.

सवयीने त्यांनी फोन लावला. बंद दाराआड मोबाइलची घूं घूं ऐकू आली. टेबलावर थरथरत असणार. पूर्ण वाजला. थांबला.

आणि टाइपिंग चालूच होतं.

काका पायरीवर थबकले. टाइप करणाऱ्या माणसाच्या हाताशी फोन वाजतोय, आणि तो कट करत नाही?

"माझ्या लक्षात आलं," ते मला नंतर म्हणाले, "ती दीड महिना रोज कट करत होती. कट झाला की मला बरं वाटायचं. तोच तिचा हूं होता. सोमवारपासून तो आला नव्हता. मग आत बसून टाइप कोण करतंय?"

ते धडपडत तळमजल्यावर गेले. विमलाबाईंकडे माझ्या बहिणीने कधीकाळी एक किल्ली ठेवली होती. ती शोधण्यात दहा मिनिटं गेली. विमलाबाई पुढे, काका मागे.

"अहो, ती आत आहे की!" विमलाबाई किल्ली फिरवताना म्हणाल्या. "टाइप करतेय, ऐका ना. ओरडेल मला उगाच..."

दार उघडलं.

टाइपिंग थांबलं.

सव्वा अकरा वाजले होते.

टेबलाशी कोणी नव्हतं. खुर्ची मागे सरकवलेली. हेडफोन टेबलावर, त्यातून डॉक्टरांचा बारीक आवाज. स्क्रीनवर अर्धवट रिपोर्ट. आणि आतल्या खोलीत पलंगावर उत्तरा, ओठ फाटलेले, शुद्ध नाही.

डेंग्यू होता. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत आणलं नसतं तर सांगता आलं नसतं."

शुक्रवारी दुपारी ती नीट शुद्धीवर आली. मी पायाशी बसले होते, काका खुर्चीत. पहिली गोष्ट काय केली असेल? मला म्हणाली, कंपनीला फोन लाव, चार दिवस रजा न सांगता झाली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सॉरी करिश्मा. सोमवारपासून मी हॉस्पिटल... म्हणजे आजारी होते. काम काहीच..."

"काय मॅम, जोक करता काय?" करिश्मा हसली. "मंडे, ट्यूसडे, वेन्सडे, सगळं सबमिट आहे. टाइमच्या आधी. एक ब्लँक नाही. सर तर तुम्हाला सर्टिफिकेट द्यायचं म्हणतायत!"

उत्तराने माझा हात धरला. 

"करिश्मा, खाली आद्याक्षरं कोणाची आहेत?"

"तुमचीच असणार ना. थांबा हां... यू... अरे?" ती थांबली. "मॅम, इकडे एस के आलंय. सगळ्यांवर. तुम्ही जुना नमुना कॉपी केलात का?"

काका खुर्चीतून उठले. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो बंद केला.

"सुमती," ते म्हणाले. "सुमती कोळंबेकर."

मग त्यांनी सांगितलं.

सुमती नऊ वर्षं त्यांच्याकडे होती. कळव्याला एका खोलीत एकटी राहायची. कामात इतकी चोख, की प्रत्येक वाक्य तीनदा ऐकायची. अकराच्या फोनची तिला चीड. उचलला की म्हणायची, "जिवंत आहे हो काका, ठेवा!" शेवटी त्या फोनलाच कंटाळून ती याच मोठ्या कंपनीत गेली. जिथे कोणी फोन करत नाही तिथे.

"मी मग बंद केला फोन," काका म्हणाले. "आपल्याकडे नसलेल्या बाईला परक्या माणसाने रोज फोन करणं बरं दिसत नाही ना. चांगलं नाही दिसत."

आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुमती गेली. खुर्चीतच. दाराला दुधाच्या पिशव्या लटकत राहिल्या, तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. दार फोडलं. जाऊन नऊ दिवस झाले होते.

"नऊ दिवस?" मी म्हटलं. "कंपनीने चौकशी केली नाही?"

काकांनी चष्मा काढला.

"कशाला करतील, बाई? नऊही दिवस तिच्या फाइल वेळेवर जात होत्या."



शनिवारी सर्वपित्री अमावास्या होती. त्या दिवशी ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठीही पान ठेवता येतं. मी आमच्या घरी दोन पानं वाढली. एक माझ्या बहिणीचं. दुसरं सुमतीचं. तिला काय आवडायचं मला ठाऊक नव्हतं. काकांना फोन करून विचारलं.  ते म्हणाले, "नऊ वर्षांत मी तेवढं विचारलं नाही कधी."

मी खीर केली. वडे, भाजी, सगळं केलं.

पुढच्या आठवड्यात उत्तरा घरी आली. मोठ्या कंपनीला राजीनामा पाठवला. लॅपटॉप परत करायचा होता, कुरियरवाला दुपारी यायचा होता. मी सोबत होतेच.

तिने लॅपटॉप उघडला. गुरुवारचा तोच अर्धवट रिपोर्ट समोर आला. सव्वा अकराला जिथे थांबला तिथेच. उत्तरा वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थबकली.

"मावशी... ब्लँक आहे."

एस के ने कधी ब्लँक सोडला नव्हता. इथे होता. शेवटचा शब्द टाकायचा राहून गेला होता.

उत्तराने टेबलाखाली पाहिलं. मग मला खुणेने वाकायला सांगितलं. माझे गुडघे दुखतात, पण मी वाकले. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पेडल दबलेलं होतं. आठवडाभर बंद घरात, कोणाचा पाय नसताना, खालपर्यंत दबलेलं.

मी रामरक्षा म्हणायला लागले. उत्तराने मला थांबवलं. तिने खुर्चीकडे तोंड केलं आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"सुमतीताई, तो ब्लँक राहू दे. झालं काम. हेडफोन काढा, उठा आता. कोणीतरी विचारायला आलंय तुम्हाला. मी आलेय. जेवलात का?"

काही झालं नाही.

घड्याळ चालत होतं. खाली विमलाबाईंचा टीव्ही.

आणि मग...

टक.

पेडल वर आलं.

हळू. जसा कोणी दमलेला पाय उचलावा.

कीर्तन कितीही रंगलं तरी आरती झाल्याशिवाय कोणी जागेवरून उठत नाही. त्या दुपारी मला वाटलं, त्या बाईची आरती कोणी केलीच नव्हती. एक वर्ष दोन महिने ती त्याच बैठकीत बसून होती.

मी बुक्क्याची डबी काढली. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला बोट टेकवलं. हसू नका. मला दुसरं काही सुचलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून उत्तरा हरिहरकाकांकडे लागली. पेडल नवं, लॅपटॉप नवा, डॉक्टर वेगळे. ब्लँक आपोआप भरत नाहीत. फाइल मागे जात नाही. सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो.

रोज अकराला फोन येतो. ती उचलते, 'हूं' म्हणते. कधी कधी दहा मिनिटं बोलते. मीही रोज करते, साडेअकराला. माझ्यावर चिडते. चिडू दे.

महिन्याभराने काकांनी सहज विचारलं.

"उत्तरा, घरी कोणी राहायला आलंय का गं?"

"नाही काका. का?"



"काही नाही. रोज तू हूं म्हणतेस ना... तुझ्या मागोमाग आणखी एक येतो."

"कसला?"

"हूं."

उत्तराने मागे वळून पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही. पण काकांचा फोन ती आता लगेच ठेवत नाही. दुसरा हुंकार होईपर्यंत थांबते. काका म्हणतात, एखाद्या दिवशी तो येत नाही. मग त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

ते बरं की वाईट, मला सांगता येत नाही. मी देवाला विचारते. 

झाली गोष्ट. आता माझं एक मागणं आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे. माझं नाव विसरलात तरी चालेल. उद्या सकाळी घड्याळात अकरा वाजलेले दिसले, तर कळव्याच्या एका खोलीत राहणाऱ्या सुमती कोळंबेकरची एकदा आठवण काढा. नऊ दिवस तिला कोणी हाक मारली नाही. तुम्ही मारा. मोठ्याने नको, मनातल्या मनात.

ती ऐकते.